युगांतील सावन दिवसांची संख्या व पोथ्यांचा पक्षनिर्णय

ज्योतिषाच्या पोथ्या चाळणारास १५७७९१७ या अंकांनीं आरंभ होणारी एक दहा अंकी संख्या वारंवार आढळते. ४३,२०,००० सौर वर्षांच्या महायुगांतील सावन दिवस म्हणजे सूर्योदय मोजणारी ही संख्या होय. तिचे शेवटचे तीन अंक मात्र सर्वत्र एक नाहींत. आर्यभटीयाच्या मानें ते ५००, वराहमिहिरानें सांगितलेल्या प्राचीन सूर्यसिद्धान्तांत व ब्रह्मगुप्ताच्या खण्डखाद्यकांत (इ. स. ६६५) ८००, आणि प्रचलित सूर्यसिद्धान्तांत ८२८ येतात. म्हणजे ग्रंथ कोणत्या पक्षाचा, हें ठरविण्याचें सर्व ओझें या तीन अंकांवर पडतें.

भूतसंख्यांच्या श्लोकांत एकंस्थान प्रथम सांगतात, म्हणून हेच अंक श्लोकाच्या आरंभीं असतात. पानाचा तेवढा भाग कसरीनें खाल्ला, तर उरलेले शब्द तिन्ही पक्षांना सारखेच लागू पडतात. अशा वेळीं दोन कसोट्या उपयोगी पडतील असें आम्हांस वाटतें.

पहिली कसोटी वजाबाकीची. आर्यभटानें सावन दिवस स्वतंत्र न सांगतां पृथ्वीचीं आवर्तनें १,५८,२२,३७,५०० दिलीं आहेत. त्यांतून रवीचे ४३,२०,००० भगण वजा केले, कीं १,५७,७९,१७,५०० हे सावन दिवस मिळतात. प्रचलित सूर्यसिद्धान्ताचे भभ्रम १,५८,२२,३७,८२८ असून तेथेंही हाच संबंध आहे. म्हणून भभ्रमांचा आंकडा शाबूत असेल, तर नष्ट झालेले अंक त्यावरून निघतात.

दुसरी कसोटी अपवर्तनाची. आर्यभटाचे दिवस व युगवर्षें या दोहोंस ७,५०० नें भाग दिल्यास ५७६ वर्षांत २,१०,३८९ दिवस असें दृढ प्रमाण होतें. वर्ष ३६५ दिवस १५ घटी ३१ पळें १५ विपळांचें येतें. प्राचीन सूर्यसिद्धान्तांत ५,४०० चें अपवर्तन लागून ८०० वर्षांत २,९२,२०७ दिवस होतात. वर्षाचीं विपळें ३० येतात. प्रचलित सूर्यसिद्धान्तांत अपवर्तन केवळ ४ चें. १०,८०,००० वर्षांना ३९,४४,७९,४५७ दिवस, यापुढें संक्षेप होत नाहीं. म्हणून कुट्टकाच्या उदाहरणांत ५७६ किंवा ८०० हे अंक दिसले, तर मूळ मोठी संख्या कोठेंही लिहिलेली नसतांही पक्ष ओळखतां येतो.

ब्राह्मपक्षाचा प्रश्न याहून सोपा आहे. ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य यांची संख्या कल्पाची असून ती १५,७७,९१,६४,५०,००० अशी तेरा अंकी आहे. सातवा अंकच ७ ऐवजीं ६ असल्यानें ती वरील तिहींशीं मिसळत नाहीं.

तथापि एका अंकावरून संपूर्ण ग्रंथाचा निर्णय करूं नये. गणेश दैवज्ञानें ग्रहलाघवांत (शके १४४२) निरनिराळ्या ग्रहांसाठीं निरनिराळे पक्ष घेतले आहेत, हें विसरून चालणार नाहीं. संग्राहकांस आमची विनंति एवढीच, कीं त्रुटित पानावर केवळ ‘ज्योतिष’ असा शेरा न मारतां त्यावरील प्रत्येक आंकडा जसाच्या तसा, लेखकाच्या चुकांसह, यादींत उतरून घ्यावा. पान नाहींसें झालें, तरी तेवढ्या आंकड्यांवरून त्याचें कुळ शोधतां येईल.