उकळणारा दगड

आमचे गाव दर्यापूर तालुक्यातले, म्हणजे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले. दिवाळीच्या पहाटे आई अंगभर उटणे लावी, पण साबणाला काही केल्या फेस येत नसे. टाचा घासायला दगडी वज्री असे. थंडीत कुडकुडत तिच्यावरची भोके मोजणे, हा माझा पहिल्या आंघोळीचा उद्योग. तसलीच भोके पुढे मी चिखलदऱ्याला पाहिली, ती डोंगराच्या अंगावर.

भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले, म्हणून हा कीचकदरा, ही कथा वऱ्हाडात घरोघर ठाऊक आहे. डोंगराची जन्मकथा मात्र भीमाहून कितीतरी जुनी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर चढत गेले. लाव्ह्यातले वायू वर येता येता खडक थिजला, बुडबुडे जागीच अडकले. तीच ही भोके. मागाहून गरम पाणी खडकातून झिरपले आणि पुष्कळशा भोकांत त्याने पांढरे स्फटिक भरले.

असाच एक स्फटिक 1756 साली स्वीडनच्या क्रोनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने फुंकणीच्या ज्योतीवर धरला. दगड चक्क फसफसला! ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याने त्याला नाव दिले, झिओलाइट. उकळले ते दगडाच्या पोटातले पाणी. डोळ्यांना न दिसणारे बारीक बोगदे या स्फटिकात असतात; तापवले की पाणी निघून जाते, तरी सांगाडा बहुधा ढासळत नाही.

पुढे 1858 साली आयकहॉर्न या जर्मन रसायनज्ञाने दाखवले, की हा दगड पाण्याशी देवघेवही करतो: आपल्याजवळचे सोडियम देतो आणि कॅल्शियम घेतो. साबणाचा फेस मारते ते मुख्यतः हे कॅल्शियमच. विसाव्या शतकाच्या आरंभी कृत्रिम झिओलाइट जड पाणी मऊ करू लागले. 1962 पासून ते खनिज तेलातून पेट्रोल काढायच्या कामी लागले, पुढे कपड्यांच्या पावडरीत शिरले. 1986 साली चेर्नोबिलला आणि 2011 साली फुकुशिमाला अपघात झाले, तेव्हा पाण्यातले किरणोत्सर्गी सीझियम धरून ठेवायलाही याच बोगद्यांना पाचारण झाले.

हे वाचले तेव्हा मला प्रथम आठवली आमची विहीर. चिखलदऱ्याचा दगड खाली आणला तर? पण हिशेब मांडला आणि हिरमुसलो. दगड कॅल्शियम घेणार, त्याच्या बदल्यात सोडियम देणार. आणि आमच्या पाण्याचे दुखणे तर मिठाचेच! साबणाला फेस येईल, तहान भागणार नाही. ते पाणी शेताला दिले तर काळी जमीन अधिकच चोपण होईल. रोग ओळखल्यावाचून औषध देऊ नये, हे शहाणपण मला त्या दगडाने शिकवले.

अखेर डोंगराने दिले ते निराळेच. गाविलगडाच्या रांगेतून उतरणारी शहानूर नदी धरणाने अडवली आणि तिचे गोडे पाणी नळाने दर्यापूरकडच्या गावांना मिळू लागले. आता दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे नातवंडांच्या डोक्यावर फेसाचे फेटे चढतात. वज्री मात्र तीच आहे, आणि तिची भोके मोजायला कुणाला सवड नाही.