मदरसा आणि अकॅडमी

गेल्या वर्षी आमच्या स्टाफ रूममध्ये एक सहकारी आपल्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले. निजामाच्या काळातला, उर्दूत लिहिलेला. "सर, एवढं वाचून द्या." मी वाचले : 'मदरसा फौकानिया'. ते गोंधळले. "आमचे आजोबा मदरशात कसे?"

मी सांगितले, हैदराबाद संस्थानात सरकारी शाळेलाच मदरसा म्हणत. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया मधली आणि फौकानिया म्हणजे हायस्कूल. मराठवाड्यातली कितीतरी हिंदू मुले तिथेच गणित-भूगोल शिकली. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे नावही 'जामिया उस्मानिया'. तिथे विज्ञानही उर्दूतून शिकवत, त्यासाठी खास भाषांतर विभाग होता.

'दर्स' म्हणजे धडा. धडा मिळतो ती जागा मदरसा. आपल्या 'पाठशाळे'चा अर्थ तरी वेगळा काय आहे? महमूद गवानने १४७२च्या सुमारास बिदरला मदरसा बांधला. त्यात मोठे ग्रंथालय होते आणि विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोयही होती.

आता दुसरा शब्द पाहा. अथेन्सबाहेर अकादमस नावाच्या वीराची एक राई होती. इ.स.पू. ३८७च्या सुमारास प्लेटोने तिथे शिकवायला सुरुवात केली आणि जागेचे नाव ज्ञानाला चिकटले. त्या झाडांखालून निघालेला शब्द १९५४मध्ये साहित्य अकादमीपर्यंत आला. आज आमच्या तालुक्यात पोलीस भरतीचीही अकॅडमी आहे. त्याबद्दल कोणी भुवया उंचावत नाही.

गंमत म्हणजे 'ॲकॅडेमिक' या विशेषणाची इज्जत मात्र गेली. मीटिंगमध्ये कोणी म्हणाले, "हा मुद्दा ॲकॅडेमिक आहे", तर समजावे, तो निरुपयोगी ठरला! म्हणजे झीज दोन्ही शब्दांची झाली. पण एकाच्या वाट्याला कंटाळा आला, दुसऱ्याच्या वाट्याला संशय.

खरे सांगायचे तर मीही निर्दोष नाही. माझे अब्बा माझ्या उर्दू प्राथमिक शाळेला आयुष्यभर मदरसा म्हणत. "मदरसे गया था क्या?" असे रोज विचारत. बी.एड.ला असताना मित्रांसमोर मी हा शब्द टाळायचो. लोक काय समजतील, ही भीती. शब्द बदनाम करणारे दुसरे असतील, पण तो गिळून टाकणारा मी होतो.

सहकाऱ्यांनी दाखल्याचे मराठी भाषांतर मागितले. मी 'हायस्कूल' लिहिले आणि कंसात 'मदरसा फौकानिया' तसेच ठेवले. ते म्हणाले, "राहू द्या सर. आजोबांच्या शाळेचं नाव आहे ते."