मंदपाक फलमिष्टान्न

मंदपाक फलमिष्टान्न : पिकलेल्या अथवा निमपिक्या फळांच्या फोडी गूळ किंवा साखर, थोडे आम्ल, तूप आणि वेलदोडा-जायफळासारखे सुगंधी जिन्नस यांसह जाड बुडाच्या झाकणबंद भांड्यात, उकळी फुटू न देता, दीड ते चार तास शिजवून ऊन असतानाच वाढावयाचा गोड पदार्थ. मुरंबा, साखरांबा, गुळांबा हे टिकाऊ पाक याचे सगोत्र होत. परंतु त्यांत साखरेचे प्रमाण मोठे असते व हेतू साठवणीचा असतो, तर येथे साखर बेताची आणि हेतू त्याच दिवशीच्या पंगतीचा असतो. अलीकडे हा पदार्थ विजेच्या मंदपात्रात, म्हणजे ज्याला व्यवहारात ‘स्लो कुकर’ म्हणतात त्यात, करण्याची चाल पडली आहे.

सिल्वासाहून खानवेलमार्गे सुमारे ४० किलोमीटरवर, दमणगंगेवरील मधुबन धरणाच्या जलाशयाकाठी वसलेल्या दुधनी या गावाच्या संदर्भात या पाकाचा विचार करणे विशेष उचित ठरते. हे मिष्टान्न दुधनीचे परंपरागत पक्वान्न आहे असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु वारली, कोकणा, धोडिया या समाजांची वस्ती असलेल्या या डोंगराळ मुलखात चैत्रातला मोह, वैशाखातला रायवळ आंबा, फणस, करवंद, जांभूळ अशी फळाफुलांची रांग लागलेली असते, शेतात भात आणि नागली पिकते, आणि लाकडाच्या चुलीवर सावकाश शिजवण्याचे ज्ञान तर घरोघर असतेच. तेव्हा या पाकाला लागणारा सारा सरंजाम येथे आयता सिद्ध आहे. पेरू, पपई, अननस, सीताफळ, काजू ही अमेरिका खंडातील फळे पोर्तुगीजांच्या दर्यावर्दी व्यापारामुळे सोळाव्या शतकापासून पश्चिम किनाऱ्यावर रुजत गेली. पेशवाईने १७७९ च्या तहान्वये कबूल केलेला, दुधनी ज्यात मोडते त्या नगरहवेली परगण्याचा महसूल १७८३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त होऊन तो अंमल संपला. अंमल गेला, फळे मात्र परसात राहिली.

विजेच्या मंदपात्राचा इतिहास अर्वाचीन आहे. लिथुएनियातील यहुदी वस्तीत शनिवारी, सब्बाथच्या दिवशी, विस्तव पेटवणे निषिद्ध असल्याने शुक्रवारी सायंकाळीच अन्नाची भांडी बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवून देत, ही आईकडून ऐकलेली हकीकत मनात ठेवून अमेरिकेतील अर्विंग नॅक्सन या संशोधकाने भांड्याभोवती विजेची तार गुंडाळलेले पात्र सिद्ध केले व १९४० मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. १९७० मध्ये त्याचा व्यवसाय रायव्हल कंपनीने घेतला आणि पुढच्याच वर्षी ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते पात्र बाजारात आणले. मात्र थोड्या इंधनावर, झाकणाखाली, कोणी समोर उभे न राहता अन्न शिजावे ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हती. कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये कोळशाच्या धगीवर वाफेने शिजवणारा ‘इकमिक कुकर’ निर्माण केला. पुढे पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने ‘सराई’ कुकर तयार केला, त्यात उसाच्या पाचटापासून केलेल्या कोळशाच्या अवघ्या १०० ग्रॅम कांड्यांवर एका कुटुंबाचे जेवण होते. या सर्वांच्या आधीची आणि सर्वांहून साधी तजवीज म्हणजे चुलीचा वैल. मुख्य तोंडावर भाकरी भाजली जात असता मागच्या वैलावर दुधाचे किंवा आमटीचे भांडे उरल्या आचेवर तासन्‌तास राही. मंदपात्र जे काम विजेने करते तेच काम वैल फुकटात करीत आला आहे, आणि फळांच्या पाकासाठी त्याची योग्यता तिळमात्र कमी नाही.

या पाकाचे मर्म उष्णतेपेक्षा पाण्यात आहे, आणि नवख्याची फसगत बहुधा येथेच होते. उघड्या कढईत फळ शिजवताना वाफ निघून जाते व रस आटतो. मंदपात्रात वाफ झाकणाला लागून पुन्हा खाली ठिबकते, म्हणून घातलेले पाणी जवळजवळ सगळे शिल्लक राहते, आणि वर फळाच्या पेशींतून साखरेने ओढून काढलेला रस त्यात भर घालतो. परिणामी ज्याने वाटीभर पाणी ओतले त्याच्या ताटात पाक न येता पातळ कढण येते. फळात स्वतःचेच पाणी पुरेसे असते, ही गोष्ट ध्यानी धरून पाणी मुळीच घालू नये. झाकणाखाली स्वच्छ, जाड सुती फडके ताणून बसवावे, म्हणजे ठिबकणारे थेंब ते शोषून घेते. फडक्याचे कोपरे झाकणावर उलटून बांधावेत, बाजूला लोंबते ठेवू नयेत.

फळ मऊ होते ते त्यातील पेक्टिन विरघळल्यामुळे. ही क्रिया ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वेग घेते, आणि मंदपात्राचे अंतिम उष्णतामान साधारण तेवढे वा थोडे अधिक असते. म्हणून फोड हळूहळू मवाळते, पण खळखळत्या उकळीत जशी फुटून विरते तशी विरत नाही. आम्लाने पेक्टिनचे विरघळणे मंदावते. साखर आरंभीच घातली तर फोडीचा आकार टिकतो, शेवटी घातली तर फळाचा गर होतो. कोणते हवे ते करणाऱ्याने आधी ठरवावे. लिंबाचा रस मात्र प्रारंभीच घालावा, कारण त्याने रंगही उजळ राहतो.

कृतीचे सर्वसाधारण मान असे : एक किलो फोडींस दीडशे ते दोनशे ग्रॅम चिरलेला गूळ, एका लिंबाचा रस, दोन मोठे चमचे साजूक तूप, चिमूटभर मीठ. भांडे निम्मे ते दोन-तृतीयांश भरलेले असावे. रिकामे भांडे कडेला करपते, गच्च भरलेले मध्यभागी कच्चे राहते. मंद आचेवर राजेळी केळ्यांना दीड ते दोन तास, अननसाला तीन, पेरूला तीन ते चार तास लागतात. मधे मधे झाकण उघडून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण एकदा उघडले की साठलेली उष्णता निघून जाऊन वीस-पंचवीस मिनिटांची खोटी होते. वेलदोडा-जायफळाची पूड अखेरच्या दहा मिनिटांत घालावी. आधी घातल्यास तिचा सुगंध उडतो. नारळाचे दाट दूध घालावयाचे असल्यास तेही शेवटी, कारण दीर्घ उष्णतेने ते फाटते. गाईम्हशीचे दूध आंबट फळांच्या पाकात घालूच नये. कच्च्या अननसातील ब्रोमेलेन दुधाला कडवट करते, ते शिजवल्यावर निष्क्रिय होते, परंतु अननसाचा आंबटपणा दूध नासवण्यास तरीही पुरेसा असतो. रस फारच सैल वाटल्यास चमचाभर आरारूट थंड पाण्यात कालवून सोडावे.

फळांच्या निवडीबाबत तारतम्य हवे. वसईच्या बाजूचे राजेळी केळे या पाकासाठी सर्वोत्तम, कारण ते शिजूनही चकत्या राखते. निमपिका राजापुरी आंबा चांगला. पेरू शिजता शिजता गुलाबीसर होतो. गोव्यात त्याच पेरूचा गर साखरेत आटवून त्याची तांबूस ‘पेराद’ करतात, तो या पाकाचा घट्ट, वड्या पाडण्याजोगा भाऊच होय. डहाणू-घोलवडचा चिकू, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो पूर्ण पिकल्याशिवाय घेऊ नये, कारण कच्च्या चिकूतील तुरटपणा शिजल्याने जात नाही; शिवाय तो शेवटच्या अर्ध्या तासातच घालावा, नाहीतर रवाळ होतो. पिकलेला हापूस मात्र या भांड्यात घालणे हा त्या फळाचा अपमान आहे : त्याचे सारे वैभव त्याच्या कच्च्या सुवासात असते आणि ती संपत्ती दोन तासांत वाफेबरोबर नष्ट होते.

विदेशी पाककृतींत अशा फळांवर पिठाचा थर देऊन वरून तांबूस कवच काढतात. मंदपात्रात ते साधत नाही, कारण वरून कोरडी उष्णता मिळत नाही आणि कवच लाल होण्यास पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा पुष्कळ अधिक उष्णतामान लागते. आपल्याकडील स्त्रियांनी ही अडचण केव्हाच सोडवली होती. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे ‘निनाव’ हे पक्वान्न झाकणावर निखारे ठेवून, वर-खाली दोन्हीकडून धग देऊन भाजले जाते, आणि गोव्यातील ‘बिबिंक’ही वरच्या आचेनेच थरावर थर चढते. विजेच्या पात्रात निखारे ठेवणे अर्थातच नाही. त्यावर उत्तम उपाय नागलीचा : वाटीभर नागलीचे पीठ तीन चमचे तुपात मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजावे, त्यात किसलेला गूळ व खोबऱ्याचा कीस मिसळावा आणि वाढताना हे मिश्रण ऊन फळांवर भुरभुरावे. गव्हाच्या कवचापेक्षा हे हलके असते, चवीला अधिक गहन असते, आणि दुधनीच्या शेतातल्या धान्याला दुधनीच्या फळांशेजारी न्याय्य स्थान मिळते. माझ्या मते या पदार्थाचे सर्वांत यशस्वी रूप हेच.

मोहाची सुकवलेली फुले मूठभर, धुऊन, फोडींबरोबर घातल्यास गूळ निम्मा पुरतो, कारण त्यांत साखर विपुल असते. फुलांतील केसर आधी झटकून काढावेत. शिजलेला पाक बंद पात्रात रात्रभर तसाच ठेवू नये. गार झाल्यावर शीतकपाटात तो तीन दिवस टिकतो, आणि पुन्हा ऊन करताना त्यात पाणी घालावे लागत नाही.