घोड्यांच्या रक्तप्रथिनांतील आनुवंशिक विविधता

घोड्यांच्या रक्तप्रथिनांतील आनुवंशिक विविधता म्हणजे एकाच प्रथिनाची किंचित वेगळी रचना असलेली रूपे निरनिराळ्या घोड्यांच्या रक्तात आढळणे होय. ही रूपे आईबापांकडून येतात व जन्मभर कायम राहतात. म्हणूनच शिंगराचे पितृत्व तपासण्यासाठी त्यांचा अनेक दशके उपयोग झाला.

तपासणी

१९५५ साली ऑलिव्हर स्मिथीज यांनी स्टार्च जेलमध्ये विद्युतप्रवाहाने प्रथिने वेगळी करण्याची पद्धत मांडली. विद्युतभार व आकार यांनुसार प्रथिने कमीअधिक अंतर सरकतात आणि रंगविल्यावर पट्ट्यांच्या स्वरूपात दिसतात. घोड्यांत ट्रान्सफेरिन, अल्ब्युमिन, एस्टरेज इत्यादी प्रथिने अशी तपासली गेली. अल्ब्युमिनची मुख्यतः ए व बी ही दोन रूपे आढळतात. लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनची मात्र डी, एफ, एच, ओ, आर अशी बरीच आहेत. यांची जनुके सहप्रभावी असल्याने आईकडून व बापाकडून आलेली दोन्ही रूपे जेलवर स्पष्ट दिसतात.

पितृत्वनिर्णय

घोडीचे ट्रान्सफेरिन डीडी व नराचे एफएफ असेल, तर शिंगरू डीएफच असले पाहिजे. ते डीआर निघाल्यास तो नर त्याचा बाप नव्हे. घोडी एकाच माजात दोन नरांना दाखविली असल्यास हा पुरावा निर्णायक ठरे. मेळ बसल्याने मात्र पितृत्व सिद्ध होत नाही. तेच रूप इतर अनेक नरांतही असू शकते.

जातींमधील फरक

जातींत फरक असतो तो प्रामुख्याने रूपांच्या प्रमाणाचा. ‘शुद्ध रक्त’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी एकट्या घोड्याच्या एखाद्या प्रथिनावरून त्याची जात सांगता येत नाही. थरोब्रेड जातीची वंशनोंदवही १७९१ पासून छापली जाते आणि तिच्या सर्व नरवंशांचे मूळ बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपर्यंत जाते. अशा बंदिस्त जातीत ठरावीक रूपेच वारंवार आढळत असल्याने एका प्रथिनावरून खोटा बाप उघड होण्याची शक्यता कमी होते. म्हणून अनेक प्रथिने आणि ए, सी, डी, के, पी, क्यू, यू हे रक्तगट एकत्र तपासत असत.

विद्युतभार न बदलणारे रचनाभेद या पद्धतीतून बहुधा निसटतात. १९९० च्या दशकापासून तिची जागा डीएनए चाचणीने घेतली. तिला केसांची मुळेही पुरतात.