यंत्र जागे का होत नाही?

मृग तोंडावर आलेला आहे. पालमच्या बाजारपेठेत एका खत-बियाण्यांच्या दुकानदाराने सकाळी कॉम्प्युटरची कळ दाबली, आणि यंत्र काही सुरू होईना, अशी कल्पना करा. आतला पंखा फिरतो आहे, दिवा लागला आहे. पडदा मात्र काळा तो काळाच. तीन वर्षांची उधारी त्या पेटीत. वही केव्हाच बंद झालेली. तेवढ्यात कोणी जाणता सल्ला देतो, "फॉरमॅट मारा, होऊन जाईल." होईल खरे, पण उधारीही त्याबरोबर जाईल! तेव्हा जरा थांबा. हे यंत्र जागे कसे होते त्याची हकीकत आधी ऐका, कारण बिघाड कोठे शोधायचा ते तिच्यातच आहे.

१९५६ च्या नोव्हेंबरात आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लहानसे गणकयंत्र चालवून पाहिले. त्या अनुभवावर मोठे यंत्र बांधले गेले. ते फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागले, म्हणजे महाराष्ट्र राज्यापेक्षा ते दोन-अडीच महिन्यांनी वडीलच. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे नाव ठेवले ‘टिफरॅक’. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत ना, तसले २७०० व्हॉल्व्ह त्यात होते. रेडिओतला एक व्हॉल्व्ह गेला की घर मुके होई. इथे २७०० पैकी कोणता गेला ते शोधायचे! आणि व्हॉल्व्ह नुसता अशक्त झाला, तर यंत्र बंद पडण्याऐवजी चुकीची उत्तरे देई. ते अधिक वाईट.

पण व्हॉल्व्ह धडधाकट असले, तरी खरी अडचण पुढेच आहे. यंत्राला सूचना हव्यात. सूचना स्मृतीत भरायच्या, तर त्या भरण्याचीही सूचना हवी. मग पहिली सूचना भरणार कोण? आपण म्हणू, स्वतःच्याच खांद्यावर स्वतः कसे बसायचे? इंग्रजीत म्हणतात, आपल्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला उचलणे. त्या बुटावरूनच यंत्र ‘बूट’ होणे हा शब्द आला. १९५२ च्या आय.बी.एम. ७०१ यंत्रावर ‘लोड’ नावाची कळ होती. ती दाबली की यंत्र पहिला तुकडा वाची, आणि तो तुकडा पुढच्याला ओढून आणी. १९७५ च्या ‘अल्टेअर’ या घरगुती यंत्राला तेही सुख नव्हते. दर्शनी बाजूच्या बारीक खटक्यांनी मालकाने एकेक आकडा हाताने भरायचा. आणि वीज गेली, की सारेच गेले!

१९८१ साली आय.बी.एम.चा वैयक्तिक संगणक आला. त्यात या पहिल्या सूचना न पुसणाऱ्या चिपमध्ये कायमच्या कोरल्या होत्या. यंत्र आधी स्वतःची नाडी पाही, सारे ठीक असले तर एकदा ‘बीप’ करी, मग तबकडीचा पहिला भाग वाचून कारभार तिच्या हवाली करी. त्या चिपमधला मजकूर पुढे पार बदलला, पण क्रम तोच राहिला: वीज, तपासणी, तबकडी, आणि शेवटी विंडोज.

आता आपल्या दुकानात या. पंखाही नाही, दिवाही नाही? मग पेटी उघडूच नका; प्लग, वायर आणि यू.पी.एस. पाहा. पंखा फिरतो आणि पडदा काळा, तर पहिल्याने पडद्याची वायर घट्ट बसवा, मग बीप मोजा. बीप वारंवार येत असतील, तर बहुधा रॅमची पट्टी सैल झालेली असते किंवा तिच्यावर धूळ बसलेली असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात धुळीला काय तोटा? प्लग काढा, पट्टी उपसा, तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसा, पुन्हा खटकन बसवा. पडद्यावर अक्षरे येऊन थांबली, तर कोठे पेन ड्राइव्ह अडकलेला आहे का पाहा. यंत्र त्यातच विंडोज शोधत बसलेले असते. पूर्वी विसरलेल्या फ्लॉपीने हेच होई. तारीख पाच-दहा वर्षे मागची दाखवते? मग आतला रुपयाएवढा सेल संपला. तो बदलायला खर्च थोडाच येतो.

विंडोजचे चित्र येऊन तिथेच गरगरत राहिले, तर चांगले समजा: तबकडी सापडलेली आहे. तबकडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, की खाते बहुधा उतरवून घेता येते. मात्र पेटीतून टक् टक् आवाज येत असेल, तर वीज ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा कळ दाबाल, तर फिरत्या तबकडीवर ओरखडे पडत जातील, आणि कोणाकडे किती येणे आहे ते मग जाणत्या कारागिरालाही वाचता यायचे नाही. फॉरमॅटचा विचार करायचा तो उधारी दुसरीकडे उतरल्यावर. तोवर गिऱ्हाइकाला चहा सांगा, आणि आजचे खत वहीवर लिहून द्या.