भुईमुगाचा दाणा व वैद्यकाची माघार

शास्त्रांतील शोधांच्या कथा आपण आवडीनें वाचतों. शास्त्रानें आपला शब्द परत घेतल्याच्या कथा मात्र क्वचितच सांगितल्या जातात. वास्तविक शास्त्राची पारख या दुसऱ्या प्रकारच्या कथांतच अधिक होते. अशी एक कथा तान्ह्या मुलांच्या आहाराविषयींची आहे. कांहीं मुलांस दूध, अंडें, शेंगदाणा यांसारखें निर्दोष अन्नही सोसत नाहीं. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, आणि प्रसंगीं श्वास कोंडून प्राणावर बेततें. हा विकार मुळांत होऊंच नये म्हणून वैद्यांनीं कोणता उपाय सांगितला, आणि तो पुढें कसा उलटा फिरवावा लागला, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

या विकाराची शास्त्रीय हकीकत फार जुनी नाहीं. शार्ल रिशे व पोल पोर्तिये हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ एका समुद्रप्राण्याचें विष कुत्र्यांस टोचून पाहत होते. अल्प मात्रेनें विषाची संवय होईल, ही त्यांची अपेक्षा. परंतु पहिली मात्रा सहज सोसलेलें कुत्रें कांहीं आठवड्यांनीं दुसऱ्या मात्रेसरशी अर्ध्या तासाच्या आंत मेलें. हा अनुभव त्यांनीं इ. स. १९०२ मध्यें प्रसिद्ध केला. १९०६ सालीं व्हिएन्नाचे बालवैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं शरीराच्या या पालटलेल्या वृत्तीस ‘ॲलर्जी’ हें नांव दिलें. पहिली ओळखच घातक, असा धडा यांतून सहज निघण्यासारखा होता. परंतु १९११ सालीं शिकागोचे वेल्स यांस निराळेंच दिसलें होतें: गिनीपिगांस अंड्याचें प्रथिन आधीं खाऊं घातलें, तर पुढें तें टोचूनही त्यांस बाधा होत नसे. सुईवाटे शिरलेला पाहुणा आणि तोंडावाटे आलेला पाहुणा यांस शरीर एकसारखें वागवीत नाहीं, हा इशारा तेव्हांच मिळाला होता. बालसंगोपनाच्या शास्त्रानें तो फारसा मनावर घेतला नाहीं.

विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेंत शेंगदाण्याची ॲलर्जी वाढूं लागली. बाळाचें आंतडें कच्चें असतें, तेव्हां धोक्याचें अन्न दूर ठेवावें, हा विचार कोणासही पटण्यासारखा होता. १९९८ सालीं ब्रिटनमध्यें सरकारी सल्ला निघाला कीं, ज्या घराण्यांत दमा, इसब किंवा ॲलर्जी आहे, तेथें गर्भारपणीं व अंगावर पाजतांना आईनें शेंगदाणा टाळलेला बरा, आणि मुलास तो तीन वर्षांपर्यंत देऊं नये. २००० सालीं अमेरिकेच्या बालवैद्यांच्या संस्थेनें अशा मुलांकरितां क्रमच घालून दिला: गाईचें दूध एका वर्षानंतर, अंडें दोन वर्षांनंतर, शेंगदाणा व मासे तीन वर्षांनंतर. सल्ला निःस्वार्थ होता, सावध होता. फक्त त्यास पुरावा नव्हता. अमेरिकेंतील पाहणीप्रमाणें १९९७ सालीं शंभर मुलांमागें ०·४ असलेलें शेंगदाण्याच्या ॲलर्जीचें प्रमाण २००८ सालीं १·४ झालें.

शंका आली ती एका साध्या निरीक्षणावरून. लंडनचे वैद्य गिडियन लॅक यांनीं तेल अवीव येथील व्याख्यानांत विचारलें कीं, अलीकडे हा विकार किती जणांनीं पाहिला. तेव्हां मोजकेच हात वर झाले. इस्रायलमध्यें मका व शेंगदाणा यांचा ‘बांबा’ नांवाचा कुरकुरीत खाऊ बाळांस पहिल्याच वर्षीं देतात. लॅक व त्यांचे सहकारी यांनीं दोन्ही देशांतील सुमारें दहा हजार ज्यू मुलांची तुलना करून २००८ सालीं ती प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्यें प्रमाण शेंकडा १·८५, इस्रायलमध्यें ०·१७. वंश बहुतांशीं एक, फरक दसपट! त्याच वर्षीं अमेरिकन संस्थेनें आपला जुना सल्ला मागें घेतला. ब्रिटननेंही २००९ सालीं तोच मार्ग धरला.

तथापि तुलना म्हणजे सिद्धता नव्हे. म्हणून तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेलीं ४ ते ११ महिन्यांचीं ६४० मुलें निवडून, चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट केले. एका गटास दर आठवड्यास शेंगदाण्याचें ६ ग्रॅम प्रथिन, दुसऱ्यास तो पूर्ण वर्ज्य. २०१५ सालीं निकाल लागला. ज्यांची त्वचेवरील परीक्षा आरंभीं निर्दोष होती, त्यांपैकीं वर्ज्य करणाऱ्यांत पांचव्या वर्षीं शेंकडा १३·७, तर खाणाऱ्यांत केवळ १·९ मुलांस ॲलर्जी आढळली. पुढें मुलें मनाप्रमाणें खाऊं लागलीं, तरी बाराव्या वर्षाच्या सुमारास हा भेद टिकून होता, असें २०२४ सालीं दिसून आलें.

असें कां व्हावें? आज मान्य होत चाललेला तर्क असा कीं, इसबानें भेगाळलेल्या त्वचेंतून घरांतील अन्नाचे कण शिरले, तर शरीर त्यांस शत्रु समजतें. तेंच अन्न वेळेवर पोटांत गेलें, तर शरीर त्यास आपलें मानतें. घराघरांतून शेंगदाणा नाहींसा करणें अशक्य होतें. बाळाच्या तोंडांतून मात्र तो काढून घेतला गेला. म्हणजे पुढचें दार बंद करून मागचें उघडें ठेवण्यासारखेंच झालें.

२०१७ सालीं निघालेला अमेरिकन नियम असा: तीव्र इसब अथवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधीं वैद्याकडून परीक्षा, आणि अनुकूल दिसल्यास ४ ते ६ महिन्यांच्या दरम्यान शेंगदाणा, सौम्य इसब असल्यास सहाव्या महिन्याच्या सुमारास, इतरांस घरच्या रीतीप्रमाणें. अर्थात् तो वाटून, पातळ करून. अख्खा दाणा घशांत अडकून घात करतो. प्रत्येक अन्नाविषयीं मात्र इतका भक्कम पुरावा अद्याप नाहीं.

आमच्याकडे सहाव्या महिन्यांत उष्टावण करतात. म्हणून पूर्वजांस हें सर्व ठाऊक होतें, असें कोणी म्हणूं नये. भुईमूग तर दक्षिण अमेरिकेंतून आलेला. या कथेंतील खरा धडा वेगळा आहे. ज्या मातांनीं जिभेवर ताबा ठेवून तो सल्ला अक्षरशः पाळला, त्यांपैकीं कित्येकींच्या मुलांस हा विकार झाला, आणि आपलेंच कांहीं चुकलें असावें असें त्यांस वाटलें असेल. त्यांची चूक कांहींच नव्हती. सावधगिरी हीही एक मात्राच आहे. औषधाइतकीच तिचीही परीक्षा व्हावयास पाहिजे. ‘आमचें चुकलें’ असें म्हणण्यास वैद्यकास दहा वर्षें लागलीं. पण तें म्हटलें गेलें, यांतच त्याचें शास्त्रपण आहे.