थुंकीची डबी आणि नर्सबाई

फुप्फुसाच्या आजारांतील शुश्रूषेचा पुणे परिसरातील इतिहास हा रुग्णालयातून वाडीवस्तीकडे सरकत गेलेल्या परिचारिकेचा इतिहास आहे. मुळशी तालुक्यातील पिरंगुट हे गाव या वाटेच्या मध्यावर आहे. पूर्वेला पुणे शहर आणि तेथील मोठी रुग्णालये; गावाभोवती कारखाने आणि त्यांत राबणाऱ्या मजुरांच्या भाड्याच्या खोल्या; पौडच्या पुढे मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटापर्यंत विखुरलेल्या धनगर, महादेव कोळी आणि कातकरी वस्त्या. क्षय, न्यूमोनिया, दमा आणि धुराधुळीचे विकार या सगळ्या ठिकाणच्या लोकांना होतात. उपचार मात्र अंतर, रोजगार आणि ऐपत पाहून पोचतात.

पुण्यात १८६७ साली ससून रुग्णालय सुरू झाले, तरी सामान्य घरांतील माणूस तेथे सहसा जात नसे. शुश्रूषा घरच्या बायकांनी करायची, अशीच रीत होती. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी हडपसरजवळ मुलगा यशवंतराव यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. परक्याची शुश्रूषा हे स्त्रीचे शिकून करायचे काम आहे, ही कल्पना मात्र १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने रुजवली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तेथील विद्यार्थिनी, त्यांत अनेक विधवा, ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. कोणत्याही जातीच्या रुग्णाला हात लावणे आणि रात्रपाळी करणे, या दोन्ही गोष्टींना समाजाचा विरोध होता.

त्या काळी फुप्फुसाचा सर्वांत मोठा रोग म्हणजे क्षय, जुन्या वैद्यांचा राजयक्ष्मा. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली त्याचा जंतू दाखवून दिला, पण पुढची साठ वर्षे त्यावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच उपाय होता. त्यासाठी आरोग्यधामे निघाली. पाचगणीत डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ साली ‘बेल-एअर’ सुरू केले. मिरजेजवळ वानलेसवाडीला मिशनचे क्षयरुग्णालय उभे राहिले. दिवसातून अनेकदा ताप मोजणे, वजनाची नोंद ठेवणे, थुंकीपात्रे जंतुरहित करणे, रक्ताची गुळणी आलेल्या रुग्णाला स्थिर निजवणे ही सारी कामे परिचारिकाच करीत. पण महिनोन्महिने अंथरुणावर राहणे कमावत्या गरिबाला परवडणारे नव्हते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात क्षयाचे सुमारे २५ लाख रुग्ण होते, दरवर्षी ५ लाख मृत्यू होत, आणि खाटा होत्या सुमारे ६ हजार. ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका होती. उरलेले रुग्ण घरीच खोकत.

औषधे आल्यावर चित्र पालटले. १९४३ साली शोध लागलेले स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ पासून वापरात आलेले आयसोनियाझिड यांमुळे क्षय बरा होऊ लागला. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासात काही रुग्णांवर आरोग्यधामात आणि काहींवर त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत उपचार झाले. परिचारिका घरोघर जाऊन गोळ्या घेतल्या जातात की नाही हे पाहत. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्हीकडचे रुग्ण जवळपास सारखेच बरे झाले आणि घरच्यांना संसर्गही जास्त झाला नाही. म्हणजे खाट नसली तरी चालेल, पण गोळ्या नियमित पोटात जातात ना, हे पाहणारे माणूस हवे. क्षयाच्या उपचारात परिचारिकेचे स्थान येथे बदलले.

१९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. केंद्राखाली उपकेंद्र आणि उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावाची ‘नर्सबाई’, अशी रचना झाली. सपाटीवर ५ हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, हे प्रमाण पुढे ठरले. मुळशीसारख्या तालुक्यात हे आकडे फसवे ठरतात. तीन हजार माणसे एका गावात नसतात. ती डोंगरउतारावरच्या अनेक वाड्यांत विभागलेली असतात आणि पावसाळ्यात त्यांतल्या काहींची वाट बंद होते. शिवाय नर्सबाईकडे बाळंतपण, लसीकरण आणि कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे होती. खोकणारा माणूस तिच्या यादीत शेवटी येई.

ही पोकळी खासगी दवाखान्यांनी भरली. संशोधक मुकुंद उपलेकर यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील शंभर खासगी डॉक्टरांना क्षयाचा उपचार विचारला, तेव्हा ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना समोर आल्या. हा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारा क्षय वाढतो. म्हणून १९९३ पासून प्रयोग म्हणून आणि १९९७ पासून विस्ताराने ‘डॉट्स’ पद्धत आली. मार्च २००६ पर्यंत ती देशभर पोचली. प्रत्येक रुग्णाच्या नावाने संपूर्ण उपचाराचा औषधांचा खोका राखून ठेवायचा आणि गोळ्या कोणाच्या तरी देखत घ्यायच्या, हे तिचे सूत्र. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असणाऱ्याला थुंकीची डबी देणे, सकाळचा पहिला बेडका कसा काढायचा हे समजावणे, नमुना तपासणी केंद्रात पोचवणे आणि गोळी चुकली की घर गाठणे, ही कामे नर्सबाई आणि २००५ नंतर आशाताई करू लागल्या.

कातकरी कुटुंबांच्या बाबतीत मात्र हे सूत्र अपुरे पडते. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. क्षयाचा उपचारही किमान सहा महिन्यांचाच असतो. औषधे उपकेंद्रात आणि रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात, असे त्यातून घडते. पिरंगुटच्या कारखान्यांतील मजुराचे उलटे होते: उपचार येथे सुरू होतो आणि काम सुटले की तो गावी निघून जातो. २०१२ साली सुरू झालेल्या ‘निक्षय’ नोंदणीमुळे रुग्णाची माहिती त्याच्यामागे जाऊ शकते. २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पण ही रक्कम बँक खात्यात जमा होते. खाते किंवा कागदपत्रे नसलेल्या घरासाठी ती जुळवून देणे हेही आरोग्यसेविकेचेच काम होऊन बसते.

डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने फुप्फुसाचा आजार ओळखून स्वतः औषध द्यावे का, या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीतून मिळाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्यदूतांना आणि दायांना बाळाचे श्वास मोजायला आणि न्यूमोनिया दिसल्यास प्रतिजैविक द्यायला शिकवले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू इतर गावांत १७.५, तर या गावांत ८.१ होते. त्याआधी जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी, तसेच शिरूर तालुक्यातील वढू येथे डॉ. बानू कोयाजी यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या केईएम रुग्णालयाने, गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले होते.

क्षयाइतके लक्ष दीर्घकालीन श्वसनविकारांकडे गेले नाही. आयुष्यात विडी न ओढलेल्या बाईलाही चुलीच्या धुरामुळे चालताना धाप लागते आणि ते वयाचे म्हणून सोडून दिले जाते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने हा धुराचा विकार अभ्यासकांच्या नजरेस आणून दिला. सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा कायद्यानुसार सरकारला कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. पण निदान क्षयाचे झाले तर मूळ कारणाची नोंदच होत नाही. म्हणून ‘काम काय करता? चूल कोणती?’ हे परिचारिकेने विचारायचे दोन प्रश्न तपासणीइतकेच मोलाचे ठरतात.

कोविडच्या साथीत मुळशीतील लवळे येथील सिम्बायोसिसचे रुग्णालय कोविडरुग्णांसाठी वापरले गेले. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर ऑक्सिमीटर पोचला. रक्तातील ऑक्सिजन दारात मोजण्याची सवय वस्त्यांना त्यातून लागली.

निदान करण्याच्या आणि औषध देण्याच्या अधिकाराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. अमेरिकेत कोलोरॅडो येथे लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ साली ‘नर्स प्रॅक्टिशनर’चे शिक्षण सुरू केले: तपासणी, निदान आणि औषधयोजना करणारी परिचारिका, तीही आधी वंचित मुलांसाठी. भारतात भारतीय परिचर्या परिषदेचा पहिला असा अभ्यासक्रम अतिदक्षता विभागासाठी आला, म्हणजे रुग्णालयाच्या आतच राहिला. गावपातळीवर नर्स प्रॅक्टिशनरच्या सर्वांत जवळचे पद आहे २०१८ नंतर उपकेंद्रांत आलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे. बीएस्सी नर्सिंग झालेल्या अनेक जणी त्यावर काम करतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ मध्ये अशा सेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद झाली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी तिला तीव्र विरोध केला. २०२३ च्या परिचर्या आणि प्रसाविका आयोग अधिनियमाने जुन्या परिषदेच्या जागी नवी रचना आणण्याची तरतूद केली. पौडच्या ग्रामीण रुग्णालयापासून धरणाकाठच्या शेवटच्या वाडीपर्यंत क्षयाचा संशय घेणे, डबी देणे आणि गोळ्या चुकू न देणे ही जबाबदारी आज परिचारिकेकडे आहे. निदान करण्याचा आणि औषध ठरवण्याचा अधिकार बहुतांशी डॉक्टरकडेच आहे.